आवडीचा चिरा

खडपाडीच्या चिरेखाणीच्या काठावर एक चिरा एकटाच उभा असतो. जांभ्याचाच, पण तो कुणी घराला लावत नाही की त्यावर टेकत नाही.

गेल्या कार्तिकात कॉलेजची मुले खाण पाहायला आली. यंदाचा चिरा त्याच सकाळी उभा केला होता. सरांनी त्यात नख रुतवून दाखवले. म्हणाले, "बघा किती मऊ! याला शास्त्रात लॅटराइट म्हणतात. लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. मलबारात लोक हा विटांसारखा कापतात हे बघून एका साहेबाने हे नाव दिलं."

खाणीतले सगळ्यांत जुने कारागीर लवूबाबा आंबेरकर उठलेच. "वीट? वीट भट्टीत भाजतात, सर. ह्याला कोणी भाजलान?"

मुले हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी सांगितले ते असे.

पूर्वी जांभा बाहेर काढल्यावरही मऊच राही म्हणे. गावच्या खोताने धाकू पाथरवटाला वेठीला धरून माडीची भिंत रचायला लावली. ही भार सोसणार नाही, असे धाकूने तीनदा विनवले. भिंत कोसळली ती त्याच्याच अंगावर.

तिसऱ्या दिवशी खोत धाकूच्या बायकोच्या, आवडीच्या, दारात आला. "तुझ्या नवऱ्याने दगड नाही, चिखल कापला. उरलेले चिरे उद्या रच, नाहीतर पोरं घेऊन गाव सोड."

आवडी त्या चिऱ्यांच्या राशीवर जाऊन बसली. चिऱ्यांना म्हणाली, "आईच्या पोटात मऊ होतात ते ठीक. आता उघड्यावर आलात. आता कुणाला चिखल म्हणू देऊ नका." उन्हाळा गेला, पाऊस गेला, ती उठली नाही, असे सांगतात. दसऱ्याला खोताने रास फोडायला माणसे आणली, तर पहारीचे टोक वाकले. मग खोतच ते चिरे मागू लागला. तिने एकही दिला नाही. त्यांची गावाला विहीर बांधली.

"खोत चिखल म्हणाला, साहेब वीट म्हणाला," बाबांचा आवाज चढला. "दोघांनी ओला असतानाच बघितलानी. थांबली ती आवडी. तिचं नाव कुठल्या पुस्तकात आहे, दाखवा!"



आजही हंगामातला पहिला चिरा आवडीच्या नावाने उभा करतात. पुढच्या दसऱ्यापर्यंत त्याला कुणी हात लावत नाही, मग तो विहिरीच्या काठाला जातो. यंदाच्या चिऱ्यावर सरांच्या नखाची खूण आहे. ती आता पुसायची तर छिन्नी लागेल.