प्रयोगशाळेची किल्ली जिथल्या तिथं

एका गावात एक भोळा जावई आला. केरबा त्याचं नाव. अधिक महिना होता, म्हणजे धोंड्याचा. या महिन्यात जावयाला नारायण मानतात. त्याला वाढायचं, ओवाळायचं, आणि त्यानं काहीही केलं तरी त्याला बोलायचं नाही. निघताना बायको म्हणाली होती, "तिथं नुसते बसून राहू नका. आईला हातभार लावा."

केरबा बसला नाही. दोन दिवस उभाच राहिला. जेवला उभ्यानं, चहा प्याला उभ्यानं. ओवाळताना सासूला स्टुलावर चढावं लागलं.

सासूचं नाव हौसाबाई. केरबा त्यांना मामी म्हणे. शाळा सातवीपर्यंतच, पण पुढचं सगळं त्यांनी स्वतः वाचून काढलेलं. स्वयंपाकघरात एका बाजूला भाजी शिजे, दुसऱ्या बाजूला प्रयोग चाले.

"प्रत्येक जिवाच्या आत एक बारीक धागा असतो, जावईबापू," मामी म्हणाल्या. "त्याला डीएनए म्हणतात. केळीला केळंच लागावं, भोपळा लागू नये, हे त्यात लिहिलेलं असतं."

"माझ्या आत पण आहे?"

"आहे. त्यात काय लिहिलंय ते देवाला ठाऊक."

गावच्या शाळेची प्रयोगशाळा सात वर्षं कुलपात होती. पोरींना शिकवायला ती उघडून द्या, म्हणून मामी हेडमास्तरांच्या मागे लागल्या होत्या. हेडमास्तर शिकलेले, त्यामुळे चुलीपुढच्या बाईला काही कळत असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते म्हणाले, "शनिवारी चार माणसांसमोर केळ्यातला डीएनए काढून दाखवा. निघाला तर किल्ली तुमची. नाही निघाला तर पुन्हा विषय काढायचा नाही."

मंगळवारी मामींनी तालीम धरली. म्हणाल्या, "जावईबापू, एवढं केळं कुस्करा."

केरबानं कुस्करलं. सालासकट.

मामींनी पातेल्यात पाहिलं आणि डोळे मिटले. महिना संपायला अकरा दिवस होते. "आधी वरचं साल काढायचं असतं," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "साल आपल्या कामाचं नाही."

"बरं मामी. ध्यानात ठेवतो."

बुधवारी मामी म्हणाल्या, "ही स्पिरिटची बाटली फ्रीजमध्ये ठेवा. गार स्पिरिट लागतं."

केरबाला कालचं आठवलं. त्यानं बाटलीचं साल काढलं, म्हणजे वरचा छापील कागद नखानं खरवडून काढला, आणि बाटली पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवली. मामींनी केळं कुस्करलं, त्यात मीठ आणि भांडी घासायचा साबण घातला, फडक्यातून गाळलं, आणि वरून गार बाटली ओतली. दोन तास झाले तरी धागा येईना. येणार कुठून? ओतलं होतं पाणी.

मामींनी डोळे मिटले. दहा दिवस. देवाचं नाव घेत असाव्यात, असं केरबाला वाटलं.

"जावईबापू, कागद म्हणजे साल नव्हे. घरात येईल त्यावर चिठ्ठी पाहिजे. नाव, वार, आणि कुठं ठेवायचं ते."

"बरं मामी. ध्यानात ठेवतो."

गुरुवारी घरात हेडमास्तर आले. तयारी कुठवर आली ते बघायला. चहा पिऊन गेले. बाजारातून जाताना लोक हसायला लागले, तेव्हा त्यांनी पाठीवर हात फिरवला. चिठ्ठी निघाली. 'हेडमास्तर. गुरुवार. थंड जागी ठेवावे.'

ते तसेच मागे फिरले. "शनिवारी नऊ वाजता, हौसाबाई. नऊला एक मिनिट कमी नाही, जास्त नाही," एवढंच बोलून गेले.

मामींनी बराच वेळ डोळे मिटले. नऊ दिवस. "डिंक आत ठेवा, जावईबापू. चिठ्ठ्याही ठेवा. प्रत्येक वस्तू जिथल्या तिथं. जिचं जे घर, त्यात ती राहिली पाहिजे."

"बरं मामी. ध्यानात ठेवतो."

शुक्रवारी मामींनी सहा केळी सोलून, कुस्करून ठेवली आणि शेजारी फडकं मागायला गेल्या. परत आल्या तर पातेलं रिकामं. ओट्यावर सहा केळी ओळीनं. केरबानं सगळा लगदा चमच्यानं जिथल्या तिथं, सालात भरला होता. वर मुंग्यांची रांग.

"मुंग्या कशा आल्या?" केरबानं विचारलं.

"उघड्यावर ठेवलंत म्हणून." आठ दिवस. "चांगली वस्तू उघडी टाकायची नाही. आत ठेवायची आणि बंद करायचं."

"बरं मामी."

"आणि उद्या तुम्ही फक्त उभे राहा."

हे केरबाला छान जमत होतं. शनिवारी तो शाळेच्या व्हरांड्यात खांबासारखा उभा राहिला. मामींनी ग्लासाच्या कडेनं गार स्पिरिट सोडलं. सगळे वाकून बघू लागले. थोड्या वेळानं रसातून पांढरा धागा वर चढला, ढगासारखा. मामींनी तो काडीवर गुंडाळला आणि हेडमास्तरांच्या नाकापुढे धरला.

हेडमास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि प्रयोगशाळा उघडून किल्ली मामींच्या हातावर ठेवली. पोरी आत जाऊन सूक्ष्मदर्शकावरची धूळ फुंकून आल्या. मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. पेढे वाटायला त्या हेडमास्तरांच्या खोलीत निघाल्या. सात दिवस राहिलेत हेही विसरल्या, आणि म्हणाल्या, "जावईबापू, ही किल्ली नीट ठेवून या. शिकवलेलं आठवतंय ना?"

"सगळं, मामी."

खरंच सगळं आठवत होतं. केरबा हात झटकत पेढ्याला आला.

"किल्ली?" मामींनी विचारलं.

"ठेवली. आधी साल काढलं. लाल दोरी होती ना, ती. त्यात अजून एक तशीच किल्ली होती, तीही ठेवली. दोन्हींवर चिठ्ठी लावली. मग म्हटलं, प्रयोगशाळेच्या किल्लीचं घर कुठलं? प्रयोगशाळा. आतल्या टेबलावर जिथल्या तिथं ठेवली. आणि उघडं टाकायचं नाही, म्हणून बाहेरून कुलूप दाबलं. दाबाचं आहे, किल्लीसुद्धा लागली नाही."

हेडमास्तरांचा पेढा तोंडातच राहिला. "सरकारी कुलूप आहे," ते म्हणाले. "तोडायचं तर वरून कागद यायला हवा. मागे दुसऱ्या एका कुलपाचा कागद यायला सात वर्षं लागली."

मामींनी डोळे मिटले. या वेळी ते उघडेनातच.

"काळजी करू नका मामी," केरबा म्हणाला. "खिडकीतून स्वच्छ दिसते. चिठ्ठीसुद्धा वाचता येते: 'किल्ली. शनिवार. हाताशी ठेवावी.'"