कळकलेली जमीन

फार जुनी गोष्ट आहे, घरोघरी भांड्यांना कल्हई लावून घेत तेव्हाची. ओढ्याकाठच्या एका गावात एक म्हातारा तांबट राहत होता. त्याच्या घागरी आणि हंडे पंचक्रोशीत जात. हात मोठा कसबी, पण स्वभाव घाबरट. हंडा विकून झाला तरी त्याच्या मनात यायचं, बूड नीट बसलं असेल ना?

त्याच्या घरामागे ओढ्यापर्यंत गावाची जमीन होती. भांडी उजळायचं तेजाब, भट्टीची राख, तांब्याचा चुरा, सगळं त्याच्या आज्यापासून तिथंच पडत आलं होतं. त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. होता होता तिथं गवताचं पातं उगवेनासं झालं. मग एका उन्हाळ्यात तिथल्या डबक्यातलं पाणी पिऊन गवळणीची दुभती म्हैस मेली, आणि सगळा गाव तांबटाच्या दारात येऊन उभा राहिला.

पाटील म्हणाले, "तांबटबाबा, तुमच्या पायी ही जमीन मेली. संक्रांतीपर्यंत ती जिवंत करा, नाहीतर हातोडी उचला आणि दुसरं गाव बघा."

तांबटानं चिमूटभर माती उचलून हुंगली. तो वास त्याच्या ओळखीचा होता. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं, हिरवट होतं, आणि पोटात गेलं तर आतडी पिळवटतात. तसाच वास.

"मेली नाही हो," तो हळूच म्हणाला, "कळकली आहे."

"कळकलेलं ताक ओतून देता येतं," गवळण फणकारली. "जमीन कुठं ओतणार?"

तांबट कामाला लागला. त्यानं मेथी पेरली, ती पिवळी पडून गेली. चवळी पेरली, ती उगवलीच नाही. अंबाडीनं दोन पानं दाखवली आणि मान टाकली. त्यानं आशा सोडली आणि कुठल्या गावी बिऱ्हाड हलवावं याचा विचार तो करू लागला.

अशात एका सकाळी तांबटिणीनं त्याला परसातून हाक मारली. ती रोज मागच्या दारात धान्य पाखडायची. सुपातून उडालेली मोहरी त्या मातीत पडली होती, आणि जिथं पडली होती तिथं हिरवी इवलीशी रोपं उभी होती. तांबट चक्क पोटावर आडवा झाला आणि डोळे चोळून चोळून बघत राहिला. मग दोघांनी घरातला मोहरीचा डबा उपडा केला, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ओंजळ ओंजळ मोहरी मागून आणली आणि सगळ्या जमिनीवर पेरून टाकली.

संक्रांत जवळ आली तेव्हा ती जमीन पिवळ्या फुलांनी झगमगत होती. मधमाश्या आल्या, पाखरं आली, मुलं तर जेवायचं विसरून तिथंच नाचत होती. गवळणसुद्धा येऊन बघून गेली. पाटलांनी सगळ्यांसमोर तांबटाची पाठ थोपटली आणि जाहीर केलं, संक्रांतीला गावजेवण, आणि पंगतीत याच मोहरीच्या पाल्याची भाजी. म्हाताऱ्याला आपले पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटलं.

आदल्या दिवशी त्यानं भट्टी पेटवायला मोहरीची चार वाळकी ताटं आत सारली. जाळ उठला, आणि त्याचे हात थांबले. जाळ हिरवा होता.

हिरवा जाळ कशाचा, हे तांबटाला सांगावं लागत नाही. तांबं जळतं तेव्हाच तो दिसतो. पण भट्टीत तांबं नव्हतंच! त्यानं ओढ्यापलीकडच्या मळ्यातली मोहरी आणून जाळली. जाळ पिवळा. आपली जाळली. हिरवा.

त्याच्या काळजानं उडी मारली. मोहरी त्या मातीत नुसती वाढत नव्हती, मातीतला कळक ओढून घेत होती! आनंदानं तो बायकोला हाक मारणार, एवढ्यात त्याला उद्याची पंगत आठवली. त्यानं दबक्या आवाजात तिला सगळं सांगितलं.

"अगं, माझे डोळे म्हातारे झालेत," तो म्हणाला. "माझा भासही असेल. आणि बोललो, तर जमीन अजून सुधारली नाही हे उघड होईल. उद्या मुदत संपते. आपल्याला गाव सोडावं लागेल."

"भास असेल तर लोक हसतील," तांबटीण म्हणाली. "आणि भास नसला तर?"

दुसऱ्या दिवशी चुलीवर भाजीची कढई चढली होती. तांबट मोहरीची मोळी घेऊन आला.

"ही भाजी कुणी खाऊ नका. जमीन अजून कळकलेलीच आहे. मी हातोडी बांधून ठेवली आहे, जातो. पण आधी हे बघा."

त्यानं मोळी चुलीत सारली. कढईभोवती हिरवा जाळ लवलवला. मुलांनी टाळ्या पिटल्या, मोठी माणसं मात्र कढईपासून मागे सरली.

"ही मोहरी विष वर ओढते आहे," तांबट म्हणाला. "पेरत राहिलो, उपटत राहिलो, तर जमीन निवळेल असं वाटतं. खात्री देत नाही. वाटतं."

गवळण उठली. पदरानं धरून तिनं कढई उतरवली आणि झाकून ठेवली. मग पाटलांकडे वळून म्हणाली, "यांना घालवलंत, तर उपटणार कोण? तुम्ही?"

पाटील हसले, आणि तांबट गावात राहिला.

त्यानं आधी तेजाबासाठी दगडी, लिंपलेला हौद बांधला. जमिनीवर पुन्हा थेंब पडू दिला नाही. मग दरवर्षी सगळा गाव मिळून मोहरी पेरू लागला. ती फुलली की मुळासकट उपटायची आणि तांबटाच्या भट्टीत जाळायची. कुणी सवयीनं ती राख शेतात टाकायला निघालं की तांबट आडवा यायचा. एवढ्या कष्टानं बाहेर काढलेलं पुन्हा आत घालता का, म्हणायचा. ती राख त्यानं मुशीत वितळवली, तर तळाला तांब्याचा एक लहानसा मणी निघाला. तो हातोहात गावभर फिरला. आता तांब्याचीच शेती करावी म्हणते, असं गवळण सगळ्यांना सांगत सुटली.

हिरवा जाळ बघायला मुलं दरवर्षी गर्दी करत, आणि तो दरवर्षी थोडा फिका होत गेला. एका संक्रांतीला मुलं हिरमुसून म्हणाली, "आजोबा, यंदा काही मजा नाही. नुसताच पिवळा जाळ."

म्हाताऱ्यानं पुन्हा एक ताट जाळलं, मग आणखी एक. मग हातातला चिमटा टाकून तो पोरांच्या हाताला धरून भट्टीभोवती नाचू लागला, आणि आजोबांना झालंय काय हे पोरांना काही केल्या कळेना.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: बिघडलेलं सुधारू लागलं म्हणजे सुधारलं असं नव्हे; आत अजून विष आहे हे जो वेळेवर सांगतो, त्याच्याच हातून ते बाहेर निघतं.