दोनदा आलेला होकार

“कौल लावायचं कोलाफळ माझ्या हातात आहे. उद्या तुमच्या या सुनेला माहेरी धाडतो, मग माझी भाची सून करून घ्या,” नायजेरियातल्या एका योरुबा गावचे पुजारी अकिन्लाबी सासूला सांगत होते. नव्या सुनेने, मोरेनिकेने, ते भिंतीआडून ऐकलं.

सकाळी गावासमोर पुजाऱ्यांनी देवाला विचारलं, “ही सून राहू द्यावी का?” आणि कोलाफळाच्या चार फोडी टाकल्या. दोन उताण्या, दोन पालथ्या पडल्या. म्हणजे स्वच्छ होकार.

“देवाला नीट ऐकू गेलं नसेल,” म्हणत त्यांनी पुन्हा टाकल्या. पुन्हा होकार! तिसऱ्यांदा चारही पालथ्या पडल्या.

“बघा, देव नाही म्हणतो. पोरी, गाठोडं बांध!”

संतापून मोरेनिकेने फोडी उचलल्या.

“बाबा, तुम्हाला पुजारी करायचा कौल याच देवाने दिला ना? तोही पुन्हा विचारते. नकार येईपर्यंत टाकत राहते.”