कुलपातला भाता

एकदा मठात शिकणाऱ्या एका शिष्याच्या जिवाला घोर लागला. बाजारपेठेत त्याच्या विधवा आईची एक खोली होती आणि तिच्या भाड्यावरच मायलेकांची चूल पेटत असे. तिथे राहणारा कल्हईवाला आजारी पडला, भाडे थकत गेले. अखेर शिष्याने खोली रिकामी करून घेतली. पण लगेच दुसरी चिंता उभी राहिली. हा गावोगाव हिंडणारा माणूस. एकदा निघून गेला की थकलेले भाडे कोणाकडे मागायचे? म्हणून त्याने कल्हईवाल्याचा कोळसा फुलवायचा भाता काढून घेतला आणि घरी कुलपात ठेवला.

"पैसे आण, भाता ने."

"मालक, भात्याशिवाय पैसे कुठले?" असे म्हणून कल्हईवाला वेशीजवळच्या धर्मशाळेत जाऊन बसला.

तरी शिष्याला चैन पडेना. रोज सकाळी तो धर्मशाळेत डोकावून येई. माणूस आहे ना, की पळाला? पाठ म्हणताना उच्चार चुकू लागले. गुरुजींनी कारण विचारले आणि सारे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी मठातली पितळी भांडी डोक्यावर घेऊन ते स्वतः शिष्याच्या दारात उभे राहिले.

"कल्हई उडाली, मठातली आमटी कळकू लागली आहे. यांना कल्हई करून दे."

"मला कुठे येते, गुरुजी?"

"भाता तर तुझ्याकडे आहे."

"भाता आहे, पण हात कल्हईवाल्याचे लागतात."

गुरुजी ओट्यावर टेकले. "खोली परत घेणे हा तुझा अधिकार. भाडे मागणे हाही अधिकारच. तुझ्या आईने उपाशी का राहावे? पण बाळ, ज्यातून भाडे यायचे, नेमके तेच तू अडकवून ठेवलेस."

"भाता दिला आणि तो गेला तर?"

"जाईलही. ती भीती मला काढून घेता येणार नाही. पण कुलूप लावून तरी ती गेली का?"

शिष्याने कुलूप काढले. भाता आणि मठाची भांडी घेऊन तो धर्मशाळेत गेला.

संध्याकाळी मठाच्या भांड्यांची मजुरी कल्हईवाल्याने भाड्यापोटी आणून दिली. थोडीच होती. "उद्या पलीकडच्या गावांना निघतो, मालक," तो म्हणाला.

शिष्याचे बरेच भाडे अजून यायचे होते. तरी तो म्हणाला, "जाऊन या."

हे शब्द आपण रोजच बोलतो. त्या दिवशी ते बोलायला त्याला फार धीर लागला.