खवल्यांतला राजपुत्र

एका राज्यात भद्रकेतू नावाचा राजा होता आणि प्राण्यांना घरं वाटून देण्याची त्याला भारी हौस होती. उडेल ते पक्षीगृहात, पोहेल ते मत्स्यगृहात, जमिनीवर खवले मिरवेल ते सर्पगृहात. राजानं दुरून बोट दाखवावं, की झाला निवाडा. मान डोलवायला प्रधानजी होतेच.

एके दिवशी धूम्रा जादूगारीण दरबारात आली. "राजा, माझ्या वटवाघळीचं पिलू तू पक्षीगृहात कोंडलंस. दाणे टिपता येत नाहीत म्हणून ते उपाशी मरतंय. आता तुझंही मूल असंच उपाशी राहील."

पाळण्यातला तान्हा राजपुत्र नाहीसा झाला. राणी शालवती धूम्राच्या पायांशी बसली.

"तीन घरांत तीन उपाशी पिलं आहेत, त्यांतलं एक तुझं," धूम्रा म्हणाली. "सूर्यास्ताआधी त्यांचं खरं कूळ ओळखून त्यांना जेवू घाल. एक जरी चुकलीस, तर मूल जनावरच राहील."

राणीनं दाण्यांची, माशांची, बेडकांची पाटी घेतली, शिवाय गाईच्या दुधाचा हंडाही घेतला. काय लागेल कोणास ठाऊक!

पक्षीगृहात पिलू उलटं लोंबकळत होतं. "उडणारं कूळ, म्हणजे पक्षी," प्रधानजी म्हणाले.

"उडतं कोणीही," वरून धनेश पक्षी बोलला. "राणीसाहेब, पिसं कुठे आहेत ते बघा."

राणीनं हात फिरवला. पीस एकही नव्हतं, मऊ लव होती. तिनं दुधात वात बुडवून तोंडाशी धरली, तर पिलू चुटूचुटू चोखू लागलं.

मत्स्यगृहाच्या सरोवरात देवमाशाचं पिलू निपचित तरंगत होतं. त्याला कल्ले नव्हते. ते वर येऊन श्वास सोडी, तो राणीच्या हाताला ऊन लागला. तिनं हंडाच त्याच्या तोंडी लावला आणि त्या बाळानं तो रिकामा केला.

सूर्य टेकायला आला होता. सर्पगृहात एक पिलू स्वतःला चेंडूसारखं गुंडाळून पडलं होतं, आणि त्याच्या अंगावर खरोखरच खवले होते.

"आता तरी बेडूक घाला, राणीसाहेब," प्रधानजी म्हणाले.

राणीचा हात पाटीकडे गेला आणि थांबला. तिनं पिलू उचललं. ते ऊबदार होतं. पोटाशी विरळ केस होते, आणि ते तोंडानं काहीतरी शोधत होतं. हंड्यात थेंबही उरला नव्हता. राणीनं पदर ओढला आणि त्याला अंगावर घेतलं.

पिलू पिऊ लागलं. खवले टपटप गळाले आणि मांडीवर राजपुत्र हातपाय झाडू लागला. नगारे झडले, राजा धावत आला आणि सगळ्यांदेखत रडला.

धूम्रा हसली. "कूळ ओळखलंस, बाई. तिघंही दूधपिती," असं म्हणून ती वटवाघळीचं पिलू घेऊन निघून गेली.

देवमाशाला समुद्राची वाट मोकळी झाली. तेव्हापासून त्या राज्यात कोणत्याही प्राण्याला हातात घेऊन, निरखून पाहिल्याशिवाय घर देत नाहीत. पहिला हात राजानंच लावायचा असतो, मग प्राणी चावो की ओरबाडो.

राजपुत्राच्या पाठीवर एक खवला मात्र राहून गेला. न्हाऊ घालताना राणी तिथं थोडं जास्त तेल लावी.