सगुणा गवळणीचं दही

पाडवा तोंडावर आला आणि अख्ख्या पिंपरवड राज्यात दही लागेना! दही नाही तर चक्का नाही, चक्का नाही तर श्रीखंड नाही. आणि राजा रणधवलाला पाडव्याला श्रीखंड नसलं की काय होतं, ते विचारूच नका.

आता दही का लागेना? अहो, लागेल कसं! या राजाला एक भलतंच वेड होतं. राज्यात कुठलीही गोष्ट आपल्या हुकमावाचून झाली की त्याला चैन पडायचं नाही. भाकरी केवढी थापायची, अंथरूण कुठल्या दिशेला घालायचं, बारशाला कोणी कोणाला बोलवायचं, सगळ्याला हुकूम! लोक गुपचूप हात जोडायचे आणि कसंबसं निभवायचे. पण यंदा स्वारी विरजणाकडे वळली. घरोघरच्या दह्यावर तीन-तीन अंमलदार नेमले. एक झाकणाचा, तो झाकण उघडून बघायचा. एक उबेचा, तो मडकं उचलून गालाला लावायचा. तिसरा पळीचा, तो ढवळून बघायचा, लागलं का म्हणून!

आणि राजाचं म्हणणं काय, तर गवळणी लबाड आहेत!

सगुणा गवळण तोंडानं जरा फटकळ. बाजारात बोलून गेली, "विरजलेलं दूध सतरांदा हलवलं तर ताकसुद्धा धड व्हायचं नाही!" झालं. संध्याकाळच्या आत तिच्या दोन्ही म्हशी सोडून सरकारी गोठ्यात नेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दरबारात उभं केलं.

"काय गं," राजा गरजला, "आमच्या देखरेखीनं दही बिघडतं म्हणतेस?"

"नाही महाराज, मी आपली..."

"गप्प! आत्ता इथं, या चौकात दही लाव. आमचे तिन्ही अंमलदार नियमानं पाहणी करतील. दिवेलागणीला दही घट्ट लागलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर म्हशी कायमच्या सरकारजमा!"

मोरी आणि तांबू, दोन्ही म्हशी गेल्या तर सगुणानं खायचं काय? आणि मोरी तर तिच्या हातावाचून कोणाला धार काढू द्यायची नाही. त्या परक्या गोठ्यात बिचारी रेकत असेल. रडावंसं वाटलं तिला. पण समोर उभे ते तीन अंमलदार, कडक इस्तरीचे अंगरखे, मिशांना पीळ, एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघणारे. सगुणानं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पदर सावरला.

"लावते महाराज. पण एक विनंती. सरकारी काम आहे, ते मानपान सांभाळून व्हायला नको का? पहिला हात मोठ्या मानाच्या माणसाचा लागावा. लहानानं आधी हात लावला तर दरबाराची शोभा काय राहील?"

"अलबत!" राजा खूश झाला. "हुकूम आहे! मोठ्याच्या आधी लहानानं हात लावला, तर त्याची नोकरी गेली!"

सगुणानं कोमट दुधात विरजण घातलं, मडक्यावर झाकण ठेवलं आणि खांबाला टेकून बसली.

झाकणाचा अंमलदार ऐटीत पुढे आला. "व्हा बाजूला! झाकण उघडल्याशिवाय पाहणी होणार कशी? पहिला मान माझा!"

"वा रे वा!" उबेचा अंमलदार आडवा आला. "उघडलंत की ऊब गेली! आधी मी!"

"तुम्ही दोघं कालचे!" पळीचा अंमलदार ओरडला. "आमच्या आजोबांपासून पळी आमच्या घरात आहे!"

"पळी? वाढप्याचं काम ते!"

"तोंड सांभाळा!"

मग काय विचारता! आजोबा निघाले, पणजोबा निघाले, कोणाला कुठल्या लग्नात पाटाशिवाय बसवलं होतं तेही निघालं. कोणी मडक्याकडे सरकला की बाकीचे दोघे त्याचा अंगरखा धरून मागे ओढायचे. "हात लावा, म्हणजे नोकरीच जाते तुमची!" जेवायची वेळ टळली, उन्हं कलली, घसे बसले, पण माघार कोणी घेईना. सगुणा आपली खांबाला टेकून मिटल्या तोंडानं हसत होती.

दिवे लागले. राजा आला, झाकण उघडलं आणि बघतच राहिला. दही असं लागलं होतं की सुरीनं वड्या पाडाव्यात!

"पाहिलंस?" राजानं मांडीवर थाप मारली. "आमची देखरेख असली की दही लागतंच!"

"खरंच महाराज. जरा विचारा ना त्यांना, कितीदा पाहिलंत म्हणून."

तिघांच्या माना खाली.

"म्हणजे? कोणी हातच लावला नाही?"

"नाही महाराज. म्हणूनच लागलं."

राजाचा चेहरा लालबुंद झाला. "अस्सं! म्हणजे उद्या म्हणशील, भाकरी आमच्यावाचून होते, अंथरूण आमच्यावाचून पडतं! मग राजानं करायचं तरी काय? माशा मारायच्या?"

सगुणाला वाटलं, म्हशी तर गेल्याच, आता मानही जाते की काय! तेवढ्यात कौलांवरून एक भलामोठा बोका धप्पकन खाली आला आणि त्यानं थेट मडक्यात तोंड घातलं.

"हाट! मेल्या! हाट!" राजानं पायातली मोजडीच भिरकावली. बोका शेपूट उभारून भिंतीपलीकडे पसार!

सगुणानं टाळी वाजवली. "हेच महाराज, हेच! ज्याचं दही त्याला लावू द्या. तुम्ही तेवढा बोका हाका!"

राजा एका पायावर उभा, दुसरा पाय अनवाणी. त्यानं मडक्याकडे पाहिलं, तिन्ही अंमलदारांकडे पाहिलं आणि असा काही हसत सुटला की पागोटं कलंडलं. हसता हसताच त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या पुढ्यात ठेवलं, म्हशी सोडायला माणूस पिटाळला आणि घरोघरचे सगळे अंमलदार उठवून भुरट्या चोरांमागे लावले.

पाडव्याला पिंपरवडात घरोघर श्रीखंड झालं. कोणी वेलची घातली, कोणी केशर, कोणी दोन्ही. आणि राजाच्या ताटात पडलं ते मोरीच्या दुधाचं!