हौसाबाईचं सारवण

पाहुणे, चपला काढू नका, या तसेच आत. आमच्या वारणोशीत देवळाच्या पायरीवर वाकणारी माणसं या मैदानात मात्र मुद्दाम पाय आपटत चालतात. बघा ना, किती पावलं उमटलीत. बुटांची, अनवाणी, तिकडं कोपऱ्यात तर म्हशीसुद्धा फिरून गेल्यात. इथं झाडू मारायचा नाही आणि सारवायचं तर मुळीच नाही, असं गावानं ठरवून टाकलंय. बाहेरचा माणूस बघतो आणि नाक मुरडतो. मुरडू दे.

गोष्ट साठ वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पाळण्यात होतो, म्हणून सांगतो ते वडिलांकडून ऐकलेलं. गावात हौसाबाई खरात नावाची बाई होती. तिला एकच लेक, सुगंधा. ही पोरगी खो-खो खेळायची आणि पळायला लागली की तिच्या अंगाला कुणाचं बोट लागत नसे, असं सांगतात. सांगणारे आमच्याच गावचे, तेव्हा थोडं वजा करून घ्या. पण जिल्ह्याच्या संघात तिचं नाव निघालं होतं, ते खरं.

अडचण होती ती या मैदानाची. बाजाराची वाट अगदी कडेनं जायची आणि मैदान चारी बाजूंनी उघडं. बाजाराच्या दिवशी टगे सायकली लावून उभे राहत, शिट्ट्या मारत. सुगंधाचा बाप दाजीबा तापट माणूस. त्यानं एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "भिंत झाली तर पोरगी खेळंल. न्हाय झाली तर माघात उजवून टाकतो."

त्याच सुमारास सरकार गावोगावच्या मैदानांना अनुदान देणार असं कळलं. भिंत, पक्के खांब, पाण्याची टाकी, सगळं. शाळेतल्या बाईंनी अर्ज केला आणि मार्गशीर्षात निरोप आला, साहेब आठ दिवसांनी मैदान बघायला येणार. हौसाबाई तडक जानाईच्या देवळात गेली आणि म्हणाली म्हणे, "आई, मैदान तुझ्या गाभाऱ्यावानी ठिवते. भिंत तेवढी दे."

दिलेला शब्द तिनं पाळला. आळीतल्या बाया गोळा केल्या, खडा न् खडा वेचला, पाटीनं शेण आणलं आणि अख्खं मैदान सारवून काढलं. एका हातानं केल्यासारखं एकसारखं, कुठं भेग नाही. असं सारवण पुन्हा झालं नाही, हे जुन्या बाया अजून सांगतात. मग त्यावर पाय पडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार गडी काठ्या घेऊन बसवले. पोरींचा खेळ आठ दिवस बंद. त्या चौघांतला एक माझा बाप. मला त्याची लाज वाटते आणि त्याची कीवही येते, दोन्ही.

साहेब आले. पोरी नवी पातळं नेसून, आरत्या घेऊन रांगेत उभ्या. साहेबांनी मैदानाकडं बघितलं, मग पोरींकडं, मग पुन्हा मैदानाकडं. विचारलं, "इथं कोणी खेळत नाही का?"

माझा बाप छाती काढून पुढं झाला. "साह्यब, आठ दिसांत कुत्रंसुदीक फिरकू दिलं न्हाय!"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. सुगंधाला काय उमगलं कोण जाणे, आरतीचं ताट शेजारणीच्या हातात देऊन ती म्हणाली, "साहेब, मी पळून दावू?" आणि पदर खोचून निघालीसुद्धा. पण हौसाबाईनं तिचं मनगट धरलं. "अगं, सारवण उकलंल. साह्यबांदेखत नगं." पोरगी थांबली. गावातली एवढी शहाणी माणसं उभी होती, पण इथं रोज खेळ चालतो हे साहेबांना सांगायचं एकालाही सुचलं नाही. जीपगाडी धुरळा उडवत गेली.

पौषात पत्र आलं. मैदान वापरात असल्याचं आढळून आलं नाही, सबब अनुदान मंजूर करता येत नाही. शाळेतल्या बाई दोनदा जिल्ह्याला जाऊन आल्या, रोज खेळ चालतो म्हणून सांगून आल्या. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर मिळालं. दाजीबाला पुढचं वर्ष नको होतं. त्यानं माघातली तिथी धरली.

पत्र वाचून दाखवलं त्या संध्याकाळी हौसाबाई एकटीच मैदानात आली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत टाचा घासत चालत राहिली. सारवणाचे पोपडे निघाले. दुसऱ्या दिवशी बाकीच्या बाया आल्या, मग पोरं, मग गुरं. त्या दिवसापासून इथं झाडू नाही. भिंतही पुढं झाली, एकवीस वर्षांनी. काही उपयोग होता का तिचा?

सुगंधाची वरात याच वाटेनं निघाली. मैदानापाशी तिनं गाडी थांबवायला लावली. हिरवा शालू, हातभर चुडा, मुंडावळ्या तशाच, आणि ती उतरून धावली. एका खांबाला वळसा घातला, दुसऱ्या खांबाकडं निघाली. दाजीबा खाली मान घालून उभा होता, वाजंत्री बंद पडली होती. मैदानाच्या कडेला हौसाबाई उकिडवी बसून पदरात रडत होती. सुगंधा धावत तिच्या मागं आली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "खो!"

खो मिळालेल्या गड्यानं उठून धावायचं असतं. हौसाबाईला ते ठाऊक होतं, लेकीचा खेळ तिनं वर्षानुवर्षं बघितला होता. तिनं दोन्ही हात जमिनीला टेकले, पण तिला उठता आलं नाही. सुगंधा थोडा वेळ थांबली, मग गाडीत जाऊन बसली.

आजही वारणोशीची लेक सासरी निघाली की वरात या मैदानावर थांबते. आई कडेला बसते. नवरी दोन्ही खांबांना वळसा घालून येते आणि तिच्या पाठीवर खो देते. आणि आई, गुडघे धरलेले असोत की कंबर वाकलेली, उठून धावते.